अनियतकालिके, छोटी प्रकाशने आणि कॅसेटवरची गाणी : शोध कुठून सुरू करावा?

कोरी वही
सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' आमच्या गावच्या ग्रंथालयातून घरी आणली. ते काळे, जाडजूड पुस्तक पंधरा दिवस उशाशी होते. वाचून झाल्यावर पहिल्या पानाकडे परत आले आणि 'प्रास प्रकाशन' या नावापाशी थांबले. पुस्तकांच्या दुकानात इतकी वर्षे जाते, पण हे नाव मी क्वचितच पाहिले आहे. चौकशी केल्यावर कळले की हे अशोक शहाणे यांचे प्रकाशन, आणि त्याआधी याच शहाण्यांनी १९६३ साली 'असो' नावाचे अनियतकालिक काढले होते. एका नावातून दुसरे आणि दुसऱ्यातून तिसरे निघत गेले, आणि मराठी घेऊन पदवी मिळवूनही यातले निम्मे आपण कधी ऐकलेले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

म्हणून हा धागा काढत आहे. मोठ्या प्रकाशकांच्या आणि मासिकांच्या वाटेला न गेलेले, हातोहात फिरलेले मराठी लेखन कोणते, आणि ते आज कुठे मिळते? हाच प्रश्न संगीताबद्दलही आहे. कंपनीच्या शिक्क्याशिवाय गायली गेलेली आणि कॅसेटवरून गावोगाव पोचलेली गाणी कोणती ऐकावीत? माझे स्वतःचे मत असे झाले आहे की या लेखकांचे नंतर निघालेले नेटके संग्रह वाचून भागत नाही. ज्या कागदावर आणि ज्या छपाईत ते प्रथम आले तो कागद पाहिल्याशिवाय त्या लेखनाचा आवाज पुरता ऐकू येत नाही. आपल्याला काय वाटते?

मुद्राराक्षस
धागा वाचनखुणेत ठेवला आहे. एक छोटी गोष्ट नोंदवतो. लोक 'लघुनियतकालिक' आणि 'अनियतकालिक' हे दोन्ही शब्द वापरतात; मला दुसरा अधिक खरा वाटतो, कारण पैसे जमले की अंक निघायचा आणि संपले की थांबायचा, त्यात नियत असे काही नव्हते.

स्टेन्सिलकार
कोरी वही ताई, आपला प्रश्न वाचून पन्नास वर्षांपूर्वीचा शाईचा वास आला. थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवात 'असो'च्याही आधीची आहे. १९५४ ते १९६० या काळात मुंबईत 'शब्द' निघत होते. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ ही त्यामागची मंडळी; चित्रे तर तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे होते. अंक सायक्लोस्टाइल केलेला, म्हणजे स्टेन्सिलवरून यंत्राने प्रती काढलेला असे. त्यानंतर शहाण्यांचा 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष किरण' हा लेख १९६३ साली 'मनोहर'मध्ये आला आणि त्याच वर्षी 'असो'. पुढे मग औरंगाबादहून 'वाचा', मुंबईत राजा ढाल्यांचे 'येरू', आणि 'फक्त', 'अथर्व', 'भारूड' अशी किती तरी नावे. यातली काही दोन-तीन अंकांत आटोपली.

आम्ही १९७१ साली जळगावात असेच एक अनियतकालिक काढत होतो. त्याचे नाव सांगत नाही, कारण त्यातले माझे लेखन आज वाचण्यासारखे नाही. पण ते कसे तयार होई ते सांगण्यासारखे नक्की आहे. मराठी टंकलेखन यंत्र आमच्यापैकी कोणाकडे नव्हते. स्टेन्सिलचा मेणकट कागद खाचांच्या पत्र्यावर ठेवायचा आणि लोखंडी टोकाच्या लेखणीने त्यावर अक्षरे कोरायची. हात हलका पडला तर अक्षर उमटत नसे, जड पडला तर कागद फाटे. 'ठ' आणि 'व' ही आमची खरी परीक्षा होती. गोलाई पूर्ण कोरली गेली की त्या अक्षराचे पोट गळून पडायचे आणि छापताना तिथे काळाकुट्ट ठिपका यायचा. आमच्या एका मित्राच्या कवितेत 'ओठ' हा शब्द सात वेळा होता. संपादक मंडळाने त्याला तो कमी करण्याची विनंती केली आणि त्याने खरोखरच चार ठिकाणी तो बदलला. ती कविता त्यामुळे सुधारली, असे मला आजही वाटते.

यंत्र एका महाविद्यालयाच्या कचेरीतले होते. शिपाईमामांच्या कृपेने ते आम्हांला रविवारी मिळे. तिसऱ्या अंकातली एक कविता वरिष्ठांच्या नजरेस पडली आणि यंत्राच्या खोलीला नवे कुलूप लागले. आमचे अनियतकालिक त्या कुलपाने बंद केले.

आपल्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. एक ओळ लिहायला अर्धा तास लागत असेल, तर माणूस अनावश्यक ओळ लिहीत नाही. ते त्या भाषेत उतरले आहे.

खिळेजुळारी
स्टेन्सिलकार काका, 'ठ'चे पोट गळण्याची गोष्ट वाचून फार बरे वाटले, कारण आमच्या घरात 'ठ' म्हणजे शिशाचा एक खिळा होता. माझे वडील गिरगावात जुळारी, म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे होते. डाव्या हातात स्टिक, समोर तिरकी ठेवलेली केस आणि उजवा हात न पाहता योग्य खणात जाणारा. देवनागरीच्या केसमध्ये इंग्रजीच्या कित्येक पट अधिक खण असतात, कारण काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांचे खिळे वेगळे. वडील म्हणत की गद्य बोटांनी जुळवता येते, कविता डोळ्यांनी जुळवावी लागते. ओळ कुठे तुटली आणि पुढे किती जागा कोरी सोडली, त्या कोऱ्या जागेतही शिसेच भरावे लागते; फक्त त्याची उंची कमी असल्याने त्याला शाई लागत नाही. कागदावरची मोकळी जागा वजनदार असते, हे मी लहानपणी हातात घेऊन पाहिले आहे.

मात्र एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी खटाववाडीत, 'मौज' प्रकाशनाच्या दारात त्यांच्याच 'सत्यकथा' मासिकाची होळी केली, आणि या विषयावरच्या प्रत्येक लेखाची सुरुवात त्या होळीने होते. तो राग मला समजतो. कोणाचे जगणे साहित्यात येणार आणि कोणाचे नाही, हे थोड्या लोकांच्या अभिरुचीने ठरत होते, आणि त्या अभिरुचीला आव्हान मिळणे आवश्यकच होते. पण शब्दागणिक मुद्रिते तपासण्याची जी शिस्त त्या वाडीत होती, तिच्यावर माझ्या वडिलांसारख्या कामगारांनी प्रेम केले आहे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले तेव्हा आमच्या घरी त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही. बंडखोर खरे आणि प्रस्थापित खोटे, अशी सोपी विभागणी या धाग्यात होऊ नये, एवढीच विनंती.

एकतारी
वरचे सर्व प्रतिसाद आदराने वाचले. परंतु मूळ धाग्यातली एक गोष्ट मला खटकली आणि ती स्पष्ट लिहिणे भाग आहे.

'न ऐकलेले', 'शोधण्याजोगे', 'हातोहात फिरलेले' हे कोणाच्या नजरेने? लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी आमच्या वस्तीत जात्यावर, पाळण्यावर, लग्नात आणि मयतीनंतरच्या रात्रीही गायली जात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत येऊन मोठेपणी अक्षर ओळख करून घेतो आणि हजारो गाणी रचतो. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह १९७३ साली निघाला आणि 'मोहळ' १९७६ साली, पण त्याच्या कितीतरी आधी ती गाणी गायन पार्ट्यांच्या वह्यांत उतरून महाराष्ट्रभर गेली होती. ज्यांना लाखो लोक तोंडपाठ म्हणतात, त्यांना भूमिगत कसे म्हणावे? ते भूमीवरच होते. विद्यापीठाच्या खिडकीतून ती भूमी दिसत नव्हती.

छोट्या प्रकाशनांबद्दल विचारलेत, तर ५ डिसेंबरच्या संध्याकाळी दादरला शिवाजी पार्कवर या. ६ तारखेच्या महापरिनिर्वाण दिनासाठी आलेल्या लोकांसाठी तिथे पुस्तकांची दुकाने लागतात. नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनालाही तसेच असते. जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर पातळ पुस्तिका मांडलेल्या असतात. लेखक स्वतःच प्रकाशक, स्वतःच विक्रेता, आणि रात्री त्याच पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकून झोपणारा. परगावाहून आलेली बाई पदराची गाठ सोडून आधी पुस्तक घेते आणि मग जेवणाचे पाहते, हे मी दर वर्षी बघतो. त्या पुस्तिकांची समीक्षा कुठे छापून येत नाही. पूर्वी त्यांच्या शेजारीच कॅसेटी असत. आमच्या घरी अजून एक आहे. वडिलांनी ती १९८९ साली आणली. वरचा कागद इतका विटला आहे की नाव वाचता येत नाही, आणि आता ती वाजवायला यंत्र नाही.

कोरी वही
एकतारी दादा, आपण जे लिहिलेत ते मी दोनदा वाचले. मी 'ऐकलेले नाही' असे लिहिले तेव्हा माझ्या न ऐकण्याला मी त्या गाण्यांचा गुण समजत होते. ती चूक आहे आणि ती मी मान्य करते. धाग्याचे शीर्षक बदलत नाही, कारण मग आपला प्रतिसाद नव्या वाचकांना कळणार नाही.

त्या कॅसेटबद्दल मात्र विचारावेसे वाटते. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे नाशकात अजून एक-दोघे आहेत. आपण कुठे असता?

एकतारी
औरंगाबादेत. आपल्या उत्तराबद्दल मनापासून आभार. कॅसेटला बुरशी लागली असावी अशी भीती वाटते, म्हणून इतकी वर्षे हात लावला नाही.

पानफूल
आतापर्यंतच्या प्रतिसादांत किती लेखिकांची नावे आली ते मोजले. एकही नाही. 'शब्द', 'असो', 'येरू' या साऱ्या गोष्टींत मुलगे, मित्र आणि संपादक मंडळ आहे, बाई फक्त पदराची गाठ सोडताना दिसते.

मलिका अमर शेख यांच्यापासून सुरुवात करा, असे मी सुचवेन. अण्णाभाऊ साठ्यांबरोबर लाल बावटा कलापथक उभे करणारे शाहीर अमर शेख हे त्यांचे वडील, आणि 'गोलपिठा'चे कवी नामदेव ढसाळ हे पती. या धाग्यात कविता आणि गाणे असे जे दोन प्रवाह चालले आहेत, ते त्यांच्या घरात एकत्र होते. 'वाळूचा प्रियकर' हा त्यांचा कवितासंग्रह, आणि 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे १९८४ सालचे आत्मकथन. बंडखोरांच्या घरात बाईच्या वाट्याला काय येते हे इतक्या धारदारपणे मराठीत दुसऱ्या कोणी लिहिलेले मी वाचलेले नाही. ते वाचल्यावर 'गोलपिठा' लहान होत नाही, पण त्याच्याकडे पाहण्याची आपली जागा बदलते.

गाण्यांकडे यायचे, तर स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ साली आले. ज्योती म्हापसेकर यांचे लेखन, आणि रंगमंचाच्या चौकटीपेक्षा चौकात, अंगणात, शाळेच्या पटांगणात झालेले प्रयोग. त्या काळात चळवळीची गाणी 'स्त्रीमुक्तीची ललकारी' या छोट्या पुस्तिकेतून फिरत. माझ्या आईच्या प्रतीत प्रत्येक गाण्यावर पेन्सिलीने चाल लिहिलेली आहे, 'ही त्या ओवीच्या चालीवर', 'ही पाळण्याच्या चालीवर' अशी. स्वरलिपी कोणालाच येत नव्हती आणि कोणाचे अडतही नव्हते.

मुद्राराक्षस
पानफूल, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु अनियतकालिकांनी स्त्रियांना अडवले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणालाही कविता पाठवता येत असे.

पानफूल
पाठवता येत असे, हे खरे आहे. पण ती चळवळ टपालावर चालत नव्हती, ती रात्री अकरानंतर इराण्याच्या हॉटेलात आणि रस्त्यावरच्या कट्ट्यावर चालत होती. दिवेलागणीला घरी पोचणे भाग असलेल्या मुलीला कविता पाठवता आली असती, अंक काढता आला नसता. दार कोणी बंद केले नव्हते. ते फक्त तिच्या वेळेत उघडत नव्हते.

स्टेन्सिलकार
पानफूल ताईंचे म्हणणे मी आमच्यापुरते तरी मान्य करतो. आमच्या तीन अंकांची सर्व स्टेन्सिले ज्या वर्गभगिनीच्या अक्षरात होती, तिचे अक्षर सुंदर होते म्हणूनच ते काम तिला दिले होते. तिचे नाव आम्ही अंकावर कुठेही घातले नाही. ती कविता लिहिते का, हे आम्ही कधी विचारले नाही.

दूरदेशी
टोरांटोहून लिहीत आहे. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात मला कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' सहज मिळाली. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनाने ती २००५ साली नव्याने काढली आहे. मूळ पुस्तक १९७६ साली मुंबईत 'क्लिअरिंग हाउस'ने काढले होते. हे प्रकाशनही दुकानदाराचे नव्हते, चार कवींनी एकत्र येऊन चालवलेले होते : आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर. पुढच्याच वर्षी 'जेजुरी'ला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले, आणि त्याच १९७७ साली 'प्रास'ने 'अरुण कोलटकरच्या कविता' काढले. मराठी कवितांचा पहिला संग्रह यायला कवीच्या वयाची चाळिशी उलटली होती! एकाच माणसाची दोन भाषांतली दोन पुस्तके, दोन्ही छोट्या प्रकाशनांची. पण इंग्रजी पुस्तक जगभर मिळते आणि मराठी पुस्तकासाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडे पैसे भरून आठ महिने वाट पाहिली. शेवटी भलतेच पुस्तक आले. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून येताना मावशीने ते साडीच्या घडीत गुंडाळून आणले.

कोरी वही यांच्या कागदाच्या आग्रहाबद्दल माझी तक्रार आहे ती अशी. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले चित्रकार होते, आपल्या पुस्तकाचे पान न् पान त्यांनी विचारपूर्वक घडवले, त्यामुळे त्यांच्या बाबतीत कागद पाहणे आवश्यक आहे. पण सायक्लोस्टाइल अंकाचा कागद कोणी निवडला नव्हता. मिळाला तो वापरला. त्या कागदालाच तीर्थ मानले, तर माझ्यासारखा दूरचा वाचक देवळाबाहेरच राहील. मला अक्षरे हवी आहेत, मग ती स्कॅन केलेली का असेनात.

खिळेजुळारी
दूरदेशी यांच्याशी सहमत. जुळाऱ्याचा मुलगा असूनही सांगतो, शिसे वितळवून झाले आहे. त्या काळचा स्वस्त कागद आम्लाने आतून जळतो, घडीवर तुटतो. आपण वाद घालत आहोत तोवर अंक भुगा होत आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आधी मोबाइलने का होईना, सावलीत, सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता छायाचित्रे काढावीत.

काळा घोडा
स्कॅन करून सर्वत्र टाकण्यापूर्वी लेखकाची किंवा वारसांची परवानगी घ्यावी, हे आधी नोंदवतो. यातले बरेच कवी हयात नाहीत, परंतु त्यांची घरे आहेत.

छोट्या प्रकाशनाबद्दल बोलताना जोखीम विसरू नये, म्हणून वसंत दत्तात्रेय गुर्जर यांचे नाव घेतो. 'गोदी' हा त्यांचा १९६७ सालचा संग्रह आज फार थोड्यांनी वाचला असेल. 'गांधी मला भेटला' ही त्यांची दीर्घ कविता पोस्टरच्या रूपाने फिरली होती. १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंतर्गत अंकात ती पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. वीस वर्षांहून अधिक काळ तो खालून वर चढत सर्वोच्च न्यायालयात पोचला. मे २०१५ मध्ये निकाल लागला. अंकाच्या प्रकाशकाने पूर्वीच माफी मागितली असल्याने त्याला मोकळे करण्यात आले, आणि कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे, असे न्यायालयाने सांगितले. मोठ्या प्रकाशकाकडे वकील असतो. भिंतीवर कविता चिकटवणाऱ्याकडे खळ असते.

कवितेच्या आशयाबद्दल आपापली मते असू शकतात. माझ्या मते ती गांधींवरची कविता नसून गांधींचे नाव घेऊन जगणाऱ्या सर्वांवरची आहे, आणि ती पूर्ण वाचल्याशिवाय तिच्याविषयी बोलणे बरोबर नाही.

गल्ली क्रमांक सात
सर्व ज्येष्ठांना नमस्कार. मी घाटकोपरला राहतो. संगीताचा धागा पुढे नेतो.

आमच्या इथे रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्यांचा आवाज मी आनंद पटवर्धनांच्या माहितीपटांत प्रथम ऐकला, 'हमारा शहर' आणि २०११ सालचा 'जयभीम कॉम्रेड'. दुसरा माहितीपट तीन तासांहून मोठा आहे आणि त्याचे चित्रीकरण चौदा वर्षे चालले होते. त्या गाण्यांची कंपनीने काढलेली ध्वनिमुद्रिका शोधत बसू नका. तो माहितीपटच त्यांचे घर आहे.

आजचे ऐकायचे असेल, तर 'स्वदेशी' हा मुंबईचा रॅप करणाऱ्यांचा गट ऐका. मराठी, हिंदी, गुजराती अशा आपापल्या भाषांत ते म्हणतात, आणि आरेच्या जंगलासाठी त्यांनी तिथल्याच आदिवासी गायकाला, प्रकाश भोईरांना, बरोबर घेऊन केलेले काम मला फार महत्त्वाचे वाटते. पाठीमागचा ताल संगणकातला आहे, पण समेवर येण्याची घाई पोवाड्यातली आहे. आजोबांना ऐकवले तेव्हा ते म्हणाले, 'हा डफाशिवायचा शाहीर आहे.'

आणि नागपूरचे वीरा साथीदार. बहुतेक लोक त्यांना 'कोर्ट' चित्रपटातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणून ओळखतात. पडद्यावर गाणारा हा माणूस प्रत्यक्षात 'विद्रोही' या मासिकाचा संपादक होता. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांना नेले.

एकतारी
गल्ली क्रमांक सात, आपल्या आजोबांना माझा जयभीम सांगावा. माझ्या नावावरून काहींनी ओळखले असेल, ते नाव मी कडूबाई खरातांवरून घेतले आहे. आमच्याच शहरात एकतारीवर भीमगीते गात दारोदार फिरणारी ही बाई. कोणी तरी मोबाइलवर चित्रित केले आणि ते लाखो लोकांपर्यंत गेले. वह्या, मग कॅसेटी, आता मोबाइल. मधल्या माणसाची परवानगी तेव्हाही लागली नाही, आताही लागत नाही.

गोदाकाठ
धागा सलग वाचला. मूळ प्रश्न 'सुरुवात कुठून' असा होता, आणि त्याचे सरळ उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून धिटाई करतो. मी असतो तर आधी कोलटकरांची 'चिरीमिरी' वाचली असती, 'भिजकी वही' नंतर. 'चिरीमिरी'त बळवंतबुवा आहेत, पंढरीची वाट आहे, आणि ती कविता मोठ्याने वाचायची आहे. त्यानंतर 'गोलपिठा', तेही विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह, आणि लगेच पाठोपाठ मलिका अमर शेख. वामनदादा पुस्तकात वाचण्याआधी कोणाच्या तरी तोंडून ऐकावेत. शेवटी सतीश काळसेकरांची 'वाचणाऱ्याची रोजनिशी' घ्यावी. बँकेत नोकरी करून आयुष्यभर अनियतकालिके जमवणाऱ्या, वाटणाऱ्या आणि त्यांच्यासाठी धावणाऱ्या माणसाच्या त्या नोंदी आहेत. आपण या धाग्यात जे करत आहोत ते ते एकटे करत होते.

जागेबद्दल म्हणाल, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या नायगावच्या संदर्भ विभागात जुन्या नियतकालिकांसाठी अवश्य जावे, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालयही सोडू नये. आधी दूरध्वनी करावा, नेमके नाव आणि वर्ष लिहून न्यावे, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांशी नीट बोलावे. कपाटे त्यांनाच ठाऊक असतात.

कोरी वही
गोदाकाठ, आपण दिलेला क्रम वहीत उतरवून घेतला. 'चिरीमिरी' कालच मोठ्याने वाचली. शेजारच्या आजी दारात येऊन बसल्या आणि कोणते भजन आहे म्हणून विचारू लागल्या.

एक सांगायचे राहिले. एका जुन्या संग्रहात मला अखेर सायक्लोस्टाइल केलेला एक अंक हाताळायला मिळाला. फुलस्केप पाने, डाव्या कडेला दोन टाचण्या, त्यांचा गंज चार पानांत उतरलेला. निळी शाई पानाच्या मागून दिसत होती, त्यामुळे प्रत्येक कवितेच्या खाली पुढच्या कवितेची उलटी सावली होती. आणि स्टेन्सिलकार काका, तिसऱ्या पानावर 'ठ'च्या जागी काळा ठिपका होता! दूरदेशी म्हणतात ते मला पटते, अक्षरे सर्वांना मिळायला हवीत. पण तो ठिपका मी आधी ऐकला होता म्हणून मला दिसला, नाही तर डाग समजून पान उलटले असते.

स्टेन्सिलकार
ताई, आनंद झाला. खिळेजुळारी यांच्या सूचनेप्रमाणे ट्रंक उघडली. दुसरा अंक शाबूत आहे, तिसऱ्याची शेवटची दोन पाने शाईने चिकटली आहेत. त्या वर्गभगिनीचा पत्ता जळगावच्या मित्राकडून मिळवला आणि पत्र टाकले. ती अमरावतीला असते. कविता अजूनही लिहिते.

एकतारी
कळवायला उशीर झाला. आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने त्याच्या काकांचा टेपरेकॉर्डर दिला. बुरशी कडेलाच होती. फीत नव्या डबीत बसवली, पेन्सिलीने हळूहळू गुंडाळली आणि रात्री सगळे झोपल्यावर लावली.

पहिल्या बाजूला पाच गाणी आहेत, पेटी आणि ढोलकी, आवाज अनोळखी. कंपनीची कॅसेट नाहीच ती. कोणत्या तरी वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात टेप समोर ठेवून भरलेली आहे, मध्येच लहान मूल रडते आणि कोणी तरी माइक मागे घ्यायला सांगतो. दुसऱ्या बाजूला तीन गाणी झाल्यावर गायक थांबतो आणि पार्टीला बक्षीस देणाऱ्यांची नावे वाचू लागतो. सहावे नाव माझ्या वडिलांचे आहे, अकरा रुपये.

उद्या गल्ली क्रमांक सातला फाइल पाठवतो. चौथे गाणे कोणाचे आहे, ते आजोबांना विचारून कळवावे.